पळतो रोडरनर, पण जीव अडकतो कोयोटीत

रोडरनरच्या कार्टूनमधला तो रोडरनर पक्षी कसा दिसायचा ते आठवून सांगा बघू. डोक्यावर तुरा, लांबलचक पाय, मागे धुळीचा लोट आणि बीप बीप. झालं, संपलं. आता त्याच्या मागे धावणारा तो लांडग्यासारखा कोयोटी आठवा. खपाटीला गेलेलं पोट, लांब कान, पिवळट डोळे, गळ्यात बांधलेला रुमाल, हातात काटा आणि सुरी, कड्यावरून खाली जायच्या आधीचा तो चेहरा, पडल्यावर अंगाची झालेली घडी, स्फोटानंतर काजळी फासल्यासारखं काळं तोंड आणि त्यात लुकलुकणारे दोनच डोळे... आठवतच राहतं, थांबत नाही. कार्टून रोडरनरचं, जिंकतो रोडरनर, आणि मनात घर करून बसतो तो व्हिलन.

आता कागदावर मांडलं तर वाइल ई. कोयोटी हा सरळसरळ खलनायकच आहे हो. आपल्या वाटेने चाललेल्या एका पक्ष्याच्या जिवावर उठलाय, हात धुऊन मागे लागलाय, त्यासाठी डायनामाइट काय, तोफ काय, रस्त्यावर सापळे काय, कशाचाच विधिनिषेध नाही. नावातच त्याच्या लबाडी आहे, 'वाइल ई' सलग म्हटलं की होतं 'वायली', म्हणजे इंग्रजीत धूर्त. आणि तरीसुद्धा १९४९ पासून आजपर्यंत लोक बघतात ते त्याच्याच बाजूने. मला हे कायम भारी वाटत आलंय, आणि जसजसं त्याबद्दल वाचत गेलो, फिल्म थांबवून थांबवून बघत गेलो तसतसं कळलं की आपल्याला वाटणारी ही माया कुणीतरी फार विचार करून, फ्रेम मोजून मोजून तयार केलीय. ती कशी केलीय तेवढंच आज उलगडून सांगतो.

आधी थोडं मागचं. वॉर्नर ब्रदर्सच्या कार्टून स्टुडिओत चक जोन्स नावाचे दिग्दर्शक आणि मायकेल माल्टीज नावाचे लेखक होते, रोडरनर-कोयोटीची ही जोडी त्या दोघांनी काढलेली. पहिली फिल्म आली १७ सप्टेंबर १९४९ ला, सहा-सात मिनिटांची, तेव्हा ही कार्टून्स टीव्हीसाठी बनायचीच नाहीत, थिएटरमध्ये मोठ्या सिनेमाबरोबर दाखवायची. खरं तर त्यांना पाठलागाच्या कार्टूनची टिंगल करायची होती. त्या काळात मांजर उंदरामागे, कुत्रा मांजरामागे असली पळापळ सगळीकडे चाललेली, तर यांनी ठरवलं की पाठलागाशिवाय दुसरं काहीच नसलेली एक फिल्म करून टाकू. लोकांना त्यातली टिंगल-बिंगल काही कळली नाही, त्यांनी तो पाठलाग खराच मानला आणि पोट धरून हसले. दुसरी फिल्म यायला मात्र १९५२ उजाडलं, मग गाडी जी सुटली ती सुटलीच. त्या पहिल्या फिल्ममध्ये मध्येच चित्र थांबतं आणि दोघांची खोटी लॅटिन नावं पडद्यावर येतात, शास्त्रज्ञ प्राण्यांना देतात त्या थाटाची, एक साधारण 'मांसाहारी सामान्य' आणि दुसरं 'वेगवान अविश्वसनीय' अशा अर्थाचं. तिथेच सगळं सांगून टाकलंय बघा, एक सामान्य आहे आणि एक अविश्वसनीय आहे, आता आपल्यातले बहुतेक जण कुणाला जवळचं मानणार ते वेगळं सांगायला नको.

पण सगळ्यात आधी येते ती भूक. कोयोटी हा उत्तर अमेरिकेतला खराखुरा प्राणी आहे, लांडग्याच्या जातकुळीतला, लांडग्यापेक्षा लहान. मार्क ट्वेनने १८७२ च्या 'रफिंग इट' या प्रवासाच्या पुस्तकात त्याचं वर्णन केलंय, कायम भुकेला, कायम कफल्लक, नशीब फुटकं, जगात कुणी मित्र नाही, म्हणजे जणू अभावच चार पायांवर चालतोय. जोन्सनी हे लहानपणी वाचलं होतं, आणि मोठेपणी जेव्हा पाठलाग करणारा प्राणी हवा होता तेव्हा तोच डोळ्यासमोर आला. हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण बाकीच्या कार्टून व्हिलनना काय काय हवं असतं बघा, कुणाला सिंहासन, कुणाला सगळं जग, कुणाला सूड, आणि ते का हवंय हे आपल्याला समजावून सांगावं लागतं, मागची कथा द्यावी लागते. याला फक्त जेवायचंय. भूक कुणालाच समजावून सांगावी लागत नाही. दोन वर्षांच्या पोरालाही कळते.

आता एक गोष्ट जी कळल्यावर मी थोडा वेळ गप्प बसलो होतो. खऱ्या जगात रोडरनर धावतो ताशी साधारण ३० किलोमीटरने आणि खरा कोयोटी जोर लावला तर ताशी ६० च्या वर जातो. म्हणजे सपाट रस्त्यावर खरी शर्यत लागली तर पक्ष्याने उडून जीव वाचवला तरच, नाहीतर खेळ खल्लास. जोन्सनी निसर्गच उलटा करून टाकला. आणि तो पक्षी तरी काय मोठा गरीब गाय आहे का, अजिबात नाही, रोडरनर हा कोकिळेच्या कुळातला, पाल-सरडे तर खातोच पण विषारी रॅटलस्नेक आपटून आपटून मारतो आणि गिळतो. पडद्यावर मात्र तो काहीच खात नाही असं नाही, रस्त्यावर ठेवलेले दाणे टिपतो, तेही कोयोटीने ठेवलेले, आणि निघून जातो. म्हणजे भुकेल्याने मांडलेलं ताट पोट भरलेला खाऊन जातोय. हे असले छोटे छोटे तपशील आपल्या लक्षात येत नाहीत पण मन नोंद घेत असतं.

आता जरा आपल्या डोक्याकडे येऊ. १९४४ मध्ये फ्रिट्झ हायडर आणि मरियान झिमेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक साधीशी फिल्म लोकांना दाखवली होती, त्यात फक्त दोन त्रिकोण, एक गोल आणि एक चौकट, बाकी चेहरे नाहीत, आवाज नाही, काही नाही. आकृत्या इकडून तिकडे सरकतात एवढंच. आणि लोकांना विचारलं काय दिसलं तर जवळपास सगळ्यांनी गोष्टच सांगितली, मोठा त्रिकोण दांडगाई करतोय, गोल घाबरलाय, छोटा त्रिकोण त्याला वाचवतोय. म्हणजे आपलं डोकं हलणाऱ्या वस्तूत आधी 'याला काय हवंय' हे शोधतं, आणि ते सापडलं की लगेच त्याच्याशी नातं जोडतं. आता हेच कोयोटीच्या फिल्मला लावून बघा. रोडरनरला काय हवंय? काहीच नाही. त्याला भीती नाही, घाई नाही, घर नाही, बेत नाही, तो वाऱ्यासारखा येतो आणि वाऱ्यासारखा जातो. त्याच्यात नातं जोडायला जागाच नाही. कोयोटीला मात्र काहीतरी हवंय, आणि फिल्मचा जवळजवळ सगळा वेळ आपण त्याच्याच शेजारी बसलेलो असतो. तो विचार करतो तेव्हा आपण विचार करतो, तो नकाशा काढतो तो आपण वाचतो, तो खोका उघडतो तेव्हा आत काय असेल म्हणून आपण डोकावतो, दगडाआड लपून वाट बघतो तेव्हा आपणही श्वास धरून बसतो. ज्याच्याबरोबर एवढा वेळ घालवला त्याची बाजू आपली होतेच, मग तो कितीही वाईट काम करायला निघालेला असो. सिनेमातल्या चोराचा बेत यशस्वी व्हावा असं आपल्याला वाटतं ना, तेच हे.

मग प्रश्न येतो की बाजू घेतली ठीक आहे, पण मनाला टोचत कसं नाही? एका प्राण्याला मारायचे सतत प्रयत्न चाललेत आणि आपण हसतोय. याचं उत्तर जोन्सनी पाळलेल्या नियमांत आहे. १९८९ मध्ये आलेल्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्यांनी या फिल्म्सचे नियम छापले, त्यातले मला महत्त्वाचे वाटतात ते असे की रोडरनर कोयोटीला कधीही इजा करू शकत नाही, फार तर बीप बीप करून दचकवू शकतो, बाहेरची कुठलीच शक्ती कोयोटीला इजा करणार नाही, त्याची फजिती होणार ती त्याच्या स्वतःच्या चुकीने नाहीतर ॲक्मी कंपनीच्या सामानाने, आणि शेवटी, कोयोटीला लागण्यापेक्षा त्याची लाज जाणं जास्त असलं पाहिजे. माल्टीजनी मात्र नंतर एका मुलाखतीत सांगितलं की असले काही नियम मी ऐकलेच नव्हते, आणि नीट बघितलं तर फिल्म्समध्ये ते कधीकधी मोडलेलेही दिसतात. माझं मत असं की नियम भिंतीवर आधी लिहिलेले असोत वा नंतर आठवून मांडलेले असोत, हाताला ते माहीत होते. म्हणजे एखादी बाई अंदाजाने मीठ घालते आणि ते दरवेळी बरोबरच पडतं, तिला विचारलं किती तर तिला सांगता येत नाही, तसं.

आणि या नियमांचा परिणाम बघा. पक्ष्याचं एक पीसही वाकडं होत नाही, म्हणजे गुन्हा कधी घडतच नाही. फक्त इरादा घडतो, तयारी घडते, आणि शिक्षा घडते. गुन्हा न करता शिक्षा भोगणारा माणूस समोर असेल तर आपल्याला त्याच्याबद्दल काय वाटेल? पीटर मॅग्रॉ आणि केलेब वॉरन या संशोधकांनी २०१० मध्ये हसण्याबद्दल एक म्हणणं मांडलं, सोपं करून सांगायचं तर आपण हसतो ते काहीतरी बिघडलंय, मोडलंय, चुकलंय पण त्याचवेळी ते निरुपद्रवी आहे हे कळतंय तेव्हा. नुसतं बिघडलेलं असेल तर भीती वाटते, नुसतं निरुपद्रवी असेल तर कंटाळा येतो, दोन्ही एकाच क्षणी लागतं. कोयोटीवर आख्खा डोंगर कोसळतो हे झालं बिघडणं, आणि पुढच्या सीनला तो ठणठणीत नवा खोका उघडतोय हे झालं निरुपद्रवी. रक्त नाही, हाड मोडलेलं नाही, लाज मात्र पार गेलेली. लाज जाणं हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. कड्यावरून आपण कुणी पडलेलो नसतो पण चारचौघांत तोंडघशी कोण पडलेलं नाही?

आता त्या पडण्याकडे जरा जवळून बघू, कारण सगळी कला तिथे आहे. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमनी चालतो. कोयोटी पळत पळत कड्याच्या पुढे जातो, पाय अजून चालूच आहेत, खाली जमीन नाही आणि त्याला ते माहीत नाही. इथे तो पडत नाही. हे फार महत्त्वाचं आहे, तो अधांतरी आहे, त्रिशंकूसारखा, पण पडत नाही. मग त्याचा वेग कमी होतो, काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, तो पायाने खाली चाचपून बघतो, मग खाली बघतो, आणि मग, इथे खरी गोष्ट आहे, मग तो आपल्याकडे बघतो. थेट आपल्या डोळ्यात. कान खाली येतात, भुवया वर जातात, आणि त्या अर्ध्या सेकंदात त्याला सगळं कळलेलं असतं आणि आपल्याला कळलेलं असतं की त्याला कळलंय. त्यानंतर तो जातो खाली. वरून दिसणारं दृश्य, तो लहान लहान होत जातो, ठिपका होतो, नाहीसा होतो, एक क्षण काहीच नाही, आणि मग अगदी खोल तळाशी धुळीचा एक छोटासा पांढरा फुगा. जोन्सनी सांगितलंय की नाहीसा व्हायला १८ फ्रेम आणि त्यानंतर धूळ उडेपर्यंत १४ फ्रेम, हे गणित त्यांनी प्रयोग करून करून बसवलं, १३ ला हसू येत नव्हतं आणि १५ लाही येत नव्हतं. १४ फ्रेम म्हणजे अर्ध्या सेकंदाहून जरासंच जास्त. पापणी लवायच्या हिशोबातली गोष्ट आणि त्यावर थिएटरभर हशा उभा आहे. मी एकदा असंच कॉम्प्युटरवर एक पडणं फ्रेम-फ्रेम करून बघत बसलो होतो, एकेक चित्र वेगळं काढलं की त्यात हसण्यासारखं काहीच नाही, उलट तो चेहरा बघून पोटात तुटतं, आणि पुन्हा वेगाने चालवलं की हसू फुटतं. म्हणजे हसणं आणि कळवळा दोन्ही त्याच चित्रांत आहे, फरक फक्त वेगाचा.

आणि ती आपल्याकडे टाकलेली नजर. त्या वाळवंटात बघा दुसरं कुणीच नसतं. मॉरिस नोबल या कलाकाराने बऱ्याच फिल्म्सची ती रचना केली, उंच उंच सुळके, लाल-पिवळे कडे, रिकामे वळणदार रस्ते, त्यात माणूस नाही, गाव नाही, कधीतरी भलत्याच वेळी येणारा एखादा ट्रक किंवा ट्रेन तेवढी, तीही त्याच्याच अंगावर यायला. म्हणजे त्याची फजिती बघणारे जगात फक्त आपण आहोत. बाकीचे व्हिलन आपल्या हाताखालच्या माणसांवर ओरडतात, हिरोला धमक्या देतात, आपल्याकडे त्यांचं लक्षही नसतं. याला दुसरं कुणी नाहीये म्हणून तो आपल्याकडे बघतो, कधीकधी हातात छोटीशी पाटी धरतो आणि त्यावर दोन शब्द लिहिलेले असतात. एवढा विश्वास टाकल्यावर त्याच्यावर कसं रागवायचं सांगा.

तो बोलत नाही हे पण त्यातच आलं. म्हणजे बोललाय तो, १९५२ मध्ये जोन्स-माल्टीजनीच त्याला बग्ज बनी या कार्टूनमधल्या सशासमोर उभा केला आणि तिथे मेल ब्लँकच्या आवाजात तो मोठ्या ऐटीत स्वतःची ओळख जीनियस म्हणून करून देतो. ती फिल्म चांगली आहे, पण तिथे मला तो थोडा लांबचा वाटतो, शिष्ट वाटतो, त्याची जिरली की बरं वाटतं. रोडरनरसमोर तो मुका आहे आणि तिथे तो आपला वाटतो. बोलणारा माणूस एका भाषेतला, एका तऱ्हेचा होऊन जातो, मुका माणूस कुणाचाही होऊ शकतो. म्हणून तर या फिल्म्स जगात कुठेही लावा, काही समजावून सांगावं लागत नाही. आवाज आहे तो फक्त बीप बीप, आणि तोही सापडला कसा तर स्टुडिओत पार्श्वभूमी रंगवणारे पॉल ज्युलियन मोठमोठी चित्रं घेऊन कॉरिडॉरमधून चालायचे, पुढचं दिसायचं नाही म्हणून लोकांनी बाजूला व्हावं म्हणून तोंडाने हॉर्न वाजवत जायचे. तोच आवाज पुढे पक्ष्याला मिळाला.

बरं, ॲक्मी. कोयोटीचं जवळजवळ सगळं सामान या एकाच कंपनीकडून येतं, रॉकेट लावलेले स्केट्स, भूकंपाच्या गोळ्या, चुंबकं, जाड जाड स्प्रिंग. शब्द मूळ ग्रीक, अर्थ शिखर, सर्वोच्च. त्या काळात अमेरिकेत हे नाव धंद्यांना सर्रास द्यायचे कारण टेलिफोन डिरेक्टरीत अ पासून सुरू होणारं नाव वर येतं. जोन्सच्या लहानपणी बहीण-भावंडं दुकान-दुकान खेळायची तेव्हा बहिणीने हे नाव शोधून काढलेलं. आता ॲक्मीमुळे काय होतं तर दोष वाटला जातो. कोयोटी मूर्ख आहे का? अजिबात नाही, त्याचे बेत बघा, किती विचार केलेला असतो, किती मेहनत, किती मोजमाप. कागदावर प्रत्येक बेत बरोबर असतो. स्प्रिंग उडायला हवी ती उडत नाही, तोफेचा गोळा बाहेर जायच्या ऐवजी तोफच मागे येते. आणि तरी पुढच्या वेळी खोका उघडताना त्याच्या चेहऱ्यावर तोच आनंद, तीच आशा, यावेळी होणार. व्हिलनच्या चेहऱ्यावर आशा बघायची आपल्याला सवय नसते.

१९६३ च्या फिल्ममधला दगडफेकीच्या भल्यामोठ्या यंत्राचा प्रसंग ज्यांनी बघितलाय त्यांना माहीत असेल. तो दोरी ओढतो, दगड पुढे जायच्या ऐवजी वरून त्याच्याच डोक्यावर येतो. मग तो यंत्राच्या या बाजूला उभा राहतो, तरी त्याच्यावर. त्या बाजूला, तरी त्याच्यावर. लांब जाऊन बसतो, तरी दगडाला रस्ता बरोबर सापडतो. दरवेळी तो पडलेल्या दगडाखालून बाहेर येऊन विचार करतो, आपलं नेमकं काय चुकलं, आणि जागा बदलतो. शास्त्रज्ञाने प्रयोग करावा तसं, एकावेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तेच ठेवायचं. पद्धत त्याची शंभर टक्के बरोबर आहे. शेवटी आपल्याला त्या यंत्रावरची पाटी दाखवतात तेव्हा कळतं की ते बनवलंय रोडरनरच्या कंपनीने.

इथे मला वाटतं आपल्या मायेचं सगळ्यात खोल मूळ सापडतं, आणि ते म्हणजे अन्याय. पहिल्याच फिल्ममध्ये कोयोटी खडकावर बोगद्याचं चित्र रंगवतो, हुबेहूब, की पक्षी येऊन आपटेल. पक्षी येतो आणि त्या रंगवलेल्या बोगद्यातून सरळ आरपार निघून जातो. कोयोटी चक्रावतो, मग म्हणतो असेल बाबा, जोरात पळत येतो आणि खडकावर आपटतो. एकाच भिंतीचे दोन नियम, पक्ष्याला दार आणि याला दगड. गुरुत्वाकर्षण फक्त याच्यासाठी. या जगाने आधीच ठरवून टाकलंय कोण जिंकणार ते, आणि हा मात्र अजून खेळ खरा समजून खेळतोय. लहान मुलांना हे फार पटकन कळतं. आमच्या घरातली एक पाच वर्षांची मुलगी असाच एक प्रसंग बघून चिडून उठली होती, ही चीटिंग आहे म्हणाली. पक्ष्याच्या बाजूने नाही, कोयोटीच्या. व्हिलनवर अन्याय झाला म्हणून पोर रडवेली होते, याच्यापुढे आणखी काय सांगायचं.

तो थांबत का नाही, हाही एक प्रश्न लोक विचारतात. जोन्सच्या नियमांत याचं उत्तर आहे, कोयोटी कधीही थांबू शकतो, फक्त तो झपाटलेला नसता तर. आणि तिथे ते जॉर्ज सांतायाना या तत्त्वज्ञाचं वाक्य देतात, ज्याचा अर्थ असा की झपाटलेला माणूस म्हणजे आपण कशासाठी निघालो होतो ते विसरल्यावर दुप्पट जोर लावणारा. आपल्याकडे वेताळाच्या प्रत्येक गोष्टीच्या सुरुवातीला राजाने आपला हट्ट सोडला नाही असं येतं ना, तो हट्ट. पण राजाला कौतुक मिळतं आणि कोयोटीला दगड. खरं बघायला गेलं तर एव्हाना भूक हे कारण उरलेलंच नाही, एवढ्या सामानात आयुष्यभर जेवला असता. आता त्याला तोच पक्षी हवाय. आणि तरीही, हे मला फार आवडतं, त्याच्या डोळ्यात त्या पक्ष्याबद्दल द्वेष जवळजवळ दिसतच नाही. वैताग दिसतो, थकवा दिसतो, कधीकधी तर कौतुकच दिसतं. द्वेष आला असता तर तो खराखुरा व्हिलन झाला असता आणि आपण कधीच त्याला सोडलं असतं.

तसं हे पात्र एकट्या जोन्सनी शून्यातून काढलं असंही नाही, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या कितीतरी जमातींच्या कथांमध्ये कोयोटी फार जुना आहे, चतुर, हावरट, दुसऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्यात स्वतःच पडणारा आणि पुढच्या कथेत पुन्हा हजर. त्यामुळे त्या मातीत हा प्राणी आधीच अर्धा लबाड आणि अर्धा लाडका होता.

आणि त्याचं पडणं आता भाषेत जाऊन बसलंय. व्हिडिओ गेम बनवणारे 'कोयोटी टाइम' म्हणतात, म्हणजे खेळणाऱ्याचं पात्र कड्याच्या पुढे गेलं तरी काही फ्रेम त्याला उडी मारायची सवलत द्यायची, कारण तशी दिली नाही तर खेळणाऱ्याला अन्याय झाल्यासारखं वाटतं. जे कोयोटीला कधी मिळालं नाही ते त्याच्या नावाने सगळ्यांना मिळतंय. पॉल क्रुगमनसारखे अर्थतज्ज्ञ बाजाराबद्दल बोलताना कोयोटीचा क्षण म्हणतात, पायाखालची जमीन केव्हाच गेलेली आहे पण खाली बघितलेलं नाही म्हणून अजून पडलेलं नाही, असा क्षण. २०२३ मध्ये कोयोटी ॲक्मीवर खटला भरतो अशा कथेचा तयार झालेला अख्खा सिनेमा स्टुडिओने प्रदर्शितच न करायचं ठरवलं तेव्हा केवढा गहजब झाला, बनवणारे चिडले, बघणारे चिडले, शेवटी २०२५ मध्ये केचप एंटरटेनमेंट या दुसऱ्या कंपनीने तो घेतला. रोडरनरवर असा सिनेमा अडकला असता तर लोक एवढे पेटले असते असं मला वाटत नाही.

एकदा त्याने पकडलाय हो त्याला. १९८० मध्ये टीव्हीसाठी केलेल्या एका फिल्ममध्ये, जोन्सनीच. दोघं पळत पळत निमुळत्या होत जाणाऱ्या पाइपांतून जातात आणि पलीकडे मुंगीएवढे होऊन निघतात, मग परत फिरून उलटे येतात तर पक्षी पुन्हा पूर्वीएवढा होतो पण कोयोटी तेवढाच चिमुकला राहतो. त्याला पत्ताच नाही. तो पळत येतो आणि पाय धरतो, पक्ष्याचा पाय, इतक्या वर्षांनी, आणि रुमाल-सुरी काढून वर बघतो तर पाय वर वर वर गेलेला, झाडाच्या बुंध्याएवढा, आणि पार वर आभाळात त्या पक्ष्याची मान. तो हळूच आपल्याकडे वळतो. नेहमीसारखी पाटी काढतो. पहिल्या पाटीवर लिहिलंय, मी त्याला पकडावं असं तुम्हाला कायम वाटत होतं ना. मग दुसरी पाटी वर करतो, आता मी काय करू?